पित्ताची पिशवी काढायची म्हणजे

‘मला पित्ताचा त्रास आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या अर्थांनी वापरलं जातं की ऐकणाऱ्यानं नेमकं काय समजावं तेच कळत नाही. कुणाच्या छातीत जळजळतं, कुणाच्या अंगावर गांध्या उठतात, कुणाचं डोकं दुखतं ते उलटी झाल्यावरच उतरतं. सगळं पित्तच! त्यात आपल्या भागात आणखी एक भर. कन्नड शाळेत जाणारी आमची नातवंडं यकृताला ‘पित्तजनकांग’ म्हणतात आणि पित्ताशयाला ‘पित्तकोश’. मुलांची पुस्तकं मोठ्यांपेक्षा बरी म्हणायची, निदान कोणतं इंद्रिय कुठलं ते तरी सांगतात. माझं पित्ताशय काढलं हे कळल्यावर गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, “म्हणजे आता तुम्हाला पित्त होणारच नाही, नव्हे?” होतं हो. घशाशी येणारं आम्लपित्त हे जठराचं काम. या पिशवीचा त्याच्याशी संबंध नाही.

ऑपरेशनला आता वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून नात्यातल्या, शेजारच्या आणि हे सदर वाचणाऱ्या किती बायकांनी रस्त्यात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात थांबवून मला याबद्दल विचारलं त्याची गणती नाही. प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण प्रश्न विचारण्याची खोड जुनी, आणि छापायला देण्याआधी हा मजकूर आमच्या सर्जनना वाचून दाखवला आहे.

ही पिशवी यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली असते. लांबी तीन-चार इंच, आकार छोट्या लांबट वांग्यासारखा. पित्तरस तयार करतं ते यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवी त्यातला ३० ते ५० मिलिलिटर रस घट्ट करून साठवते आणि तेलातुपाचं जेवण पोटात उतरलं की आकसून तो आतड्यात सोडते. माझ्या सासूबाईंच्या काळात परड्यात विहीर आणि स्वयंपाकघरात रांजण असायचा, तसंच हे. रांजण काढला म्हणून विहीर आटत नाही. पाणी थेट विहिरीवरून येतं, एवढाच फरक.

या साठवणीत कोलेस्टेरॉल किंवा पित्तातलं रंगद्रव्य साकळून खडे होतात. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. वय, बाळंतपणं, वाढलेलं वजन, घराण्यातला वारसा ही कारणं आहेतच, पण कडक उपासतापास करून झपाट्यानं वजन उतरवलं तरीही खडे होतात. हे ऐकून मी चकित झाले होते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण इथे घबराट फार होते. खडा दिसला म्हणजे ऑपरेशन, असं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं दुसऱ्याच कारणासाठी स्कॅनिंग केलं तेव्हा पित्ताशयात एक खडा दिसला. दुखणं नाही, ताप नाही. डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही, आणि जाऊबाई अजून ठणठणीत आहेत. ज्यांना कधीच त्रास झालेला नाही अशा बहुतेकांना थांबायलाच सांगतात. काही अपवाद असतात, ते डॉक्टर ठरवतील. पण एकदा कळ येऊन गेली की हिशेब बदलतो.

माझी कळ लग्नाच्या जेवणानंतरची. मध्यरात्री उजव्या बरगडीखाली सुरू झाली, पाठीत उजव्या फऱ्यापर्यंत गेली आणि तीन तास हलली नाही. या कुशीवर, त्या कुशीवर, उठून, बसून, कशानं म्हणून बरं वाटेना. दवाखान्यात पहिल्यांदा ईसीजी काढला, कारण या वयात पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं हृदयाचंही असू शकतं. तो ठीक निघाला. सकाळी सोनोग्राफीत पिशवी खड्यांनी भरलेली दिसली. सहा आठवड्यांत दुसरी कळ आली, तेव्हा सर्जन म्हणाले की आता तारीख ठरवूया. त्यांनी दिलेलं कारण साधं होतं. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला तर पिशवी सुजते, पिकतेसुद्धा. तो घसरून मुख्य पित्तनलिकेत गेला तर कावीळ होते. आणि खाली स्वादुपिंडाच्या तोंडाशी बसला तर स्वादुपिंडाला सूज येते, त्यात कधीकधी जिवावर बेततं. ठरवून केलेलं ऑपरेशन आणि असल्या धावपळीत केलेलं ऑपरेशन यांत फार अंतर आहे.

ही बातमी घरात फुटली आणि औषधांचा पाऊस सुरू झाला. वन्सं केळीच्या खुंटाचा रस घेऊन आल्या. आमच्या सूनबाईंच्या माहेरीही हाच उपाय, तिकडे त्याला ‘बाळे दिंडु’ म्हणतात. प्रेमानं आणलेला रस मी प्यायले, पण तो खड्यांसाठी नव्हे. लोक तो मुतखड्यासाठी देतात, आणि मुतखड्याची वाट मूत्रपिंडातून लघवीकडे जाते. पित्ताचे खडे त्या वाटेवर नसतातच. मराठीत दोन्ही ‘खडे’ आणि कन्नडमध्ये दोन्ही ‘कल्लु’, म्हणून हा घोळ. दुसरा प्रकार रात्री तेल आणि लिंबाचा रस भरपूर पिण्याचा. सकाळी शौचातून हिरवट गोळे पडतात आणि माणूस खूश होतो. ते गोळे म्हणजे प्यायलेल्या तेलाचा आतड्यात झालेला साबण. पिशवीतले खडे जिथल्या तिथे. विरघळवण्याच्या गोळ्या ॲलोपॅथीत आहेत, पण त्या फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, तेही पिशवी नीट चालत असेल तर, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर काम करतात. बंद केल्या की अनेकांना खडे परत होतात.

“खडेच तेवढे काढा, पिशवी ठेवा,” असं आमच्या घरच्यांनीही डॉक्टरांना सुचवून पाहिलं. जुन्या काळी तसंच करत असत आणि खडे पुन्हा होत. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या सर्जननं पहिल्यांदा पिशवीच काढली, कारण खडे तयार होतात ती जागाच काढायला हवी हे त्याच्या ध्यानात आलं होतं. दुर्बिणीतून हे ऑपरेशन १९८५ साली जर्मनीतच एरिक म्यूहं यांनी केलं आणि आपल्या देशात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. तेव्हा नवलाई होती. आता तालुक्याच्या गावीही होतं.

तयारीत रक्ताच्या तपासण्या, यकृताची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. रक्तातली कावीळ वाढलेली असली किंवा नलिका फुगलेली दिसली तर एमआरसीपी नावाचा स्कॅन करतात, आणि नलिकेत खडा सापडला तर तो बहुतेक वेळा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. भुलीचे डॉक्टर येऊन विचारपूस करतात. तेव्हा काही म्हणजे काही लपवू नका. रक्त पातळ करण्याची गोळी, साखरेच्या गोळ्या, दम्याचा पंप, वैद्यांचं चूर्ण, तंबाखूची मिश्री, सगळं सांगा. सासरच्या माणसांसमोर मिश्रीचं नाव काढायला संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवून सांगा. भूल देताना फुफ्फुसं कशी वागणार हे त्यावर अवलंबून असतं. ऑपरेशनआधी साधारण सहा तास घन अन्न बंद. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते तुमचे भुलीचे डॉक्टर सांगतील. नखांचा रंग पुसून जायचं, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. कवळी, बांगड्या, नथ, मंगळसूत्र घरच्यांकडे. मंगळसूत्र उतरवताना माझा हात अडखळला हे खरं. सूनबाईनं ते आपल्या रुमालात बांधलं आणि म्हणाली, “अत्ती, हेदरब्याड्री.” घाबरू नका. ती धारवाडची, पण अशा वेळी मराठी बोलायचं तिच्या ध्यानात राहत नाही, आणि मला त्या क्षणी कन्नडच गोड वाटलं.

आता संमतिपत्राबद्दल. यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. माझ्या हातात आलेला कागद एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड होता. माझं काम भागलं, सूनबाईनं शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. पण शेजारच्या कॉटवर चंदगडकडच्या खेड्यातल्या एक आजी होत्या, त्याच ऑपरेशनसाठी आलेल्या. त्यांच्या मुलाला मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि आजींचा अंगठा कागदावर उमटूनही झाला होता. “कशावर अंगठा दिला?” म्हटलं तर म्हणाल्या, “ऑपरेशनच्या कागदावर, आणि कशावर?” त्या कागदात लिहिलं होतं की दुर्बिणीतून काम जमलं नाही तर पोट उघडून करावं लागेल. आजींना हे ठाऊक नव्हतं. उद्या जाग आल्यावर पोटावर वीतभर टाके दिसले असते तर त्यांना काय वाटलं असतं? सूनबाईनं सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी ज्युनिअर डॉक्टरना बोलावलं, आणि त्या मुलीनं खरोखर पलंगावर बसून आजींना मोडक्यातोडक्या मराठीत चित्र काढून समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “जिवाला धोका कशात कमी?” या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ते कलम. सूज फार असली, सगळं चिकटलेलं असलं, नलिका स्पष्ट दिसत नसली तर पोट उघडणं हेच सुरक्षित. डॉक्टर हरले असा त्याचा अर्थ नव्हे.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालच्या एका निकालात म्हटलं आहे की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय हे रुग्णाला पुरेसं समजलेलं असलं पाहिजे. आपल्या सीमाभागात यात भाषेची अडचण आणखी वाढते. कागद एका भाषेत, डॉक्टर दुसऱ्या, आजी तिसऱ्या. ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात त्यांनी वॉर्डात शेजारच्या कॉटकडे जरा लक्ष द्यावं, एवढं मला वाटतं.

धोक्याचंही सरळ सांगते. सर्वांत गंभीर म्हणजे मुख्य पित्तनलिकेला इजा. दुर्बिणीच्या ऑपरेशनांत हे हजारात साधारण तीन ते पाच जणांत घडतं. शिवाय रक्तस्राव, पित्त गळणं, जखम पिकणं. आमच्या सर्जनना मी विचारलं होतं की तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत आणि अडचण आली तर पुढची सोय कुठे. त्यांनी न रागावता उत्तर दिलं. जे रागावतील त्यांच्याविषयी मी मनात वेगळं मत करून घेतलं असतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, मी झोपले होते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात, बेंबीजवळ एक, बरगडीच्या मध्याखाली एक आणि उजवीकडे दोन अशी चार छोटी छिद्रं पाडतात, पिशवीच्या नळीला आणि रक्तवाहिनीला बारीक चिमटे लावून पिशवी सोडवतात आणि एका छिद्रातून बाहेर घेतात. चिमटे आतच राहतात, त्यांचा त्रास नसतो. साधारण तासा-दीड तासाचं काम. बाहेर बसलेल्यांना मात्र तीन-चार तास वाटतात, कारण भूल देणं आणि शुद्धीवर आणणं यांचाही वेळ असतो. बाहेरच्यांनी उगाच धीर सोडू नये.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता, तो नळीमुळे. मळमळ होती, त्याचं इंजेक्शन मिळालं. पोटाचं दुखणं सोसण्यासारखं होतं. पण उजवा खांदा असा दुखायला लागला की मला वाटलं, टेबलावरून उतरवताना कुणी हात पिरगाळला की काय! हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. पोटात राहिलेला वायू पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला डिवचतो आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांशी मानेत जुळलेली असते, म्हणून दुखणं खांद्यात कळतं. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. चाललं की लवकर जातं. त्याच संध्याकाळी मला उठवून वऱ्हांड्यात चालवलं. नको वाटतं, पण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणूनही ते हवं. रात्री घोट घोट पाणी, सकाळी इडली, दुपारी सूनबाईचा बिनफोडणीचा अन्न-सारू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. पोट उघडून झालं तर मुक्काम काही दिवस वाढतो आणि पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना लागतो. चंदगडच्या आजींचं शेवटी दुर्बिणीतूनच झालं.

घरी आल्यावरचे पहिले चार-पाच दिवस दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, दुखेपर्यंत थांबू नये. खोकला किंवा शिंक आली की पोटावर उशी दाबून धरायची. वेदनाशामक गोळ्यांनी आणि पडून राहण्यानं मलावरोध होतो, त्याचंही औषध मागून घ्या; कुंथणं टाळायचं असतं. अंघोळ कधी आणि टाके काढायचे की विरघळणारे, हे घरी निघतानाच विचारा. जिने चढायला हरकत नव्हती. पाण्याची कळशी, गॅसचं सिलिंडर, धुण्याची बादली आणि नातू मात्र महिनाभर उचलायचे नाहीत. स्कूटर मी तिसऱ्या आठवड्यात चालवली, अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही याची खात्री झाल्यावर.

सगळ्यात आश्चर्य थकव्याचं. जखमा एवढ्याशा, आणि दुपारी अकरा वाजताच डोळे मिटायचे. दोन आठवडे हे चाललं. भेटायला येणारे मात्र ते चार बारीक व्रण ऐकून म्हणायचे, “एवढंच? मग आता स्वयंपाक सुरू असेल!” याच ऑपरेशननंतर आमच्या भावजींना दोन महिने ताटावर सगळं मिळालं होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं की ऑफिस कधीपासून. आमच्या घरच्यांनी मात्र या काळात भात लावायला शिकून घेतलं. पहिला करपला, दुसरा बरा झाला.

खाण्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘पिशवी गेली, आता जन्मभर तूप बंद’ हे खरं नाही. पित्तरस आता थेंबथेंब सतत आतड्यात उतरतो, एकदम भरपूर येत नाही, म्हणून सुरुवातीला एकाच बैठकीत फार तेलतूप झेपत नाही इतकंच. पहिले दोन-तीन आठवडे मऊ भात, मुगाचं वरण, ताक, ज्वारीची भाकरी, फोडणी बेताची. थोडं थोडं, चार-पाच वेळा. मग हळूहळू वाढवायचं. एण्णेगायीसारखी तेलात पोहणारी वांगी मी सहा आठवडे दूर ठेवली. पाचव्या आठवड्यात नात्यातल्या साखरपुड्यात बेळगावचा कुंदा चमचाभर खाल्ला, काही झालं नाही. दोन वाट्या खाल्ला असता तर झालं असतं! काहींना जेवल्याजेवल्या शौचाला पळावं लागतं, कारण जास्तीचं पित्त मोठ्या आतड्याला डिवचतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर सोसत बसू नका, पित्त बांधून ठेवणारं औषध असतं.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो कशासाठी, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं पोटदुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, जखमेतून पू, एका पायाच्या पोटरीला सूज, धाप. यांतलं काहीही असलं तरी ‘सोमवारी बघू’ म्हणायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर दाखल होण्याआधी कार्ड घेऊन चौकशी करा. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडे चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते का, हे ऑपरेशन त्या इस्पितळात योजनेत बसतं का, हे आधी विचारलेलं बरं. ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणखी एक कागद. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात आणि आठ-दहा दिवसांनी तिचा अहवाल येतो. क्वचित कधी खड्यांसाठी काढलेल्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात सापडते. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग आपल्यापेक्षा बराच जास्त, पण म्हणून आपल्याकडे तपासायचं नाही असं नव्हे. माझा अहवाल मला आपणहून कुणी दिला नाही. दोनदा खेपा घातल्यावर एका कपाटातून निघाला, जुनाट सूज, बाकी काही नाही. तो तुमच्या हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका.

आणि ज्या प्रश्नानं प्रत्येक बाई बोलणं संपवते तो: पुन्हा खडे होतात का? पिशवीत होणार नाहीत, कारण पिशवीच नाही. नलिकेत आधीचा एखादा राहून गेलेला किंवा पुढे कधी नवा झालेला खडा क्वचित त्रास देतो. म्हणून काही वर्षांनी का होईना, तशीच कळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ‘माझी पिशवी काढली आहे’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा. ‘पित्तकोश तेगदार’ म्हटलं की इकडे कुणालाही कळतं.